पट्ट्यावरचं राज्य

उंची पायताण काढून मोजतात. चालणं, बोलणं, हसणं हे सगळं नंतर. आधी भिंतीला चिकटवलेल्या टेपला पाठ लावून उभं राहायचं, टाचा भिंतीला, हनुवटी समोर, आणि काळ्या टी-शर्टातला एक मुलगा डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून आकडा मोठ्यानं ओरडणार. पुण्यातल्या एका हॉटेलात, एरवी रिसेप्शनं होतात त्या हॉलमध्ये, राज्याच्या सौंदर्यस्पर्धेच्या चाचणीत मी हे बघत बसले होते. माझ्या भाचीच्या पुढं सोलापूरकडची एक मुलगी होती, आईबरोबर रात्रभर बसनं आलेली. डोक्यावर उंच अंबाडा. "मॅडम, अंबाडा सोडा," मुलगा म्हणाला. अंबाडा सुटला आणि पाच फूट अडीच इंच भरले. हवे होते पाच-तीन. "अर्ध्या इंचाचं काय एवढं हो?" तिची आई म्हणाली, तेही त्या मुलाला नाही, माझ्याकडे बघून.

मी काय सांगणार? ही अट आता सैल झालीय म्हणे, पूर्वी मोठ्या स्पर्धांना पाच-पाच लागायचे. भारतातल्या बाईची सरासरी उंची जेमतेम पाच फूट. म्हणजे राज्यातल्या बहुतेक पोरी त्या भिंतीपाशीच बाद होतात, आणि उरलेल्या मूठभरांतून जी निवडली जाते ती राज्याची प्रतिनिधी म्हणून देशाच्या स्पर्धेला जाते.

भाची उभी राहिली. "पाच सहा!" मुलानं आकडा ओरडला आणि सकाळपासून पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. ही उंची आमच्या घराण्यातली नव्हे. आम्ही सगळे बुटके. ती आली माझ्या वहिनीच्या माहेराहून, निपाणीहून. तिथले आजोबा आजही दारातून वाकून आत येतात.

माझ्या भावाचं कराडात कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बी-बियाणं, औषधं. पोरगी शाळेपासून व्हॉलीबॉल खेळणारी, उन्हानं रापलेली, आवाज मैदानावरचा. कॉलेजात कुणीतरी तिला म्हणालं, तू मॉडेलिंग का करत नाहीस, आणि मग गावात लागलेल्या एका फ्लेक्सवरचा नंबर तिनं फिरवला. घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी भावानं मला फोन केला, "आक्का, तू जाणार आसशील बरोबर तर मी हो म्हणतो. मला त्यातलं काय कळत न्हाय." मला तरी कुठं कळत होतं? पण रिकामी होते, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती.

पहिली फेरी गावातच झाली. मंगल कार्यालयात, लाल गालिच्यावर. परीक्षक म्हणून एक बिल्डर, एक दातांचे डॉक्टर आणि आधीच्या वर्षीची विजेती. प्रमुख पाहुण्यांनी जिजाऊंपासून सुरुवात करून 'खरं सौंदर्य मनाचं असतं' इथपर्यंत यायला बराच वेळ घेतला आणि मग खाली बसून चेहरा, बांधा, चाल अशा रकान्यांच्या कागदावर मार्क द्यायला लागले. किताब जितक्या मुली तितके. मिस फोटोजेनिक, मिस ब्यूटिफुल स्माइल, मिस ब्यूटिफुल हेअर, मिस पर्सनॅलिटी. कुणी रिकाम्या हातानं घरी गेलं नाही. आधी मला याचं हसू आलं, नंतर त्यामागचा हिशेब कळला. प्रत्येक मुलीनं नोंदणीची फी भरलेली असते, आणि मिस ब्यूटिफुल हेअरची आई पुढच्या वर्षी धाकटीला घेऊन येते.

आमची पहिली आली. खांद्यावरून घालायचा पट्टा मिळाला, खड्यांचा मुकुट मिळाला, एका सराफाचं व्हाउचर मिळालं आणि राज्याच्या चाचणीचं पत्र मिळालं. राज्यातून जी निवडली जाईल ती देशपातळीवर. भावाच्या वहीत युरियाच्या गोण्यांच्या हिशेबाखाली नवी यादी सुरू झाली: फोटो, ग्रूमिंग, गाऊनचं भाडं, गाऊनचं डिपॉझिट, सँडल.

डिपॉझिटचा आकडा वाचून मला सुश्मिता सेन आठवली. 1994 मध्ये ती मिस इंडियाला उभी राहिली तेव्हा तिच्याकडे गाऊन नव्हता. दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून कापड आणलं, पेटीकोट शिवणाऱ्या शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेतलं आणि हातमोजे केले ते नव्या पायमोज्यांचे. ही गोष्ट तिनंच पुढं टीव्हीवर सांगितली. त्या गाऊनवर तिनं ऐश्वर्या रायला मागं टाकलं आणि त्याच वर्षी दोघी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी होऊन परतल्या. त्याच्याही आधी, 1966 मध्ये, रीटा फारिया. गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकणारी. आधी मिस बॉम्बे, मग 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकाची मिस इंडिया, मग थेट लंडन. शहर, देश, जग, अशी तीन पायऱ्यांची शिडी होती. जातानाचे कपडे उसने. पोहण्याचा पोशाख मॉडेल पर्सिस खंबाटाचा. तिथं ती साडी नेसून उभी राहिली आणि मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. वर्षभर किताबाची कामं केली आणि परत पुस्तकं उघडली, डॉक्टर झाली, आयर्लंडमध्ये संसार थाटला. सिनेमा नाही, मॉडेलिंग नाही. मला या बाईबद्दल फार आदर आहे. आपल्याकडं मात्र तिचं नाव शालेय सामान्यज्ञानाच्या पुस्तकापलीकडे गेलं नाही.

आता शिडी लांब झालीय. पायऱ्या वाढल्या आणि प्रत्येक पायरीवर एक मॅडम उभ्या असतात.

आमच्या ग्रूमिंगच्या मॅडम साताऱ्याला क्लास घ्यायच्या. बाई वाईट नव्हत्या, मेहनती होत्या, मुलींवर ओरडायच्या नाहीत. भाचीला त्यांनी टाचांवर चालायला शिकवलं. तो सराव घरी गच्चीवर चालायचा. उन्हाळा होता, एका बाजूला वहिनीनं कुरडया घातलेल्या आणि त्यांच्या कडेकडेनं ही पोरगी कमरेवर हात ठेवून येरझाऱ्या घालणार. "पाय मुरगाळला म्हंजे व्हॉलीबॉलबी गेलं आणि हेबी गेलं," असं वहिनी खालून ओरडायची. कुरडया तुडवल्या गेल्या नाहीत हे त्या मॅडमचं यश.

मग गुडघे. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीचे गुडघे कसे असतात हे ज्यांनी मुरमाच्या मैदानावर डाइव्ह मारलीय त्यांनाच कळेल. काळे, खरबरीत, डाव्यावर एक जुना, दोन बोटं लांबीचा व्रण. मॅडमनी दोन्ही गुडघ्यांवर आधी नारिंगी रंगाचं काहीतरी थापलं, त्यावर कातडीच्या रंगाचं, त्यावर पावडर, आणि ओल्या स्पंजनं दाबत दाबत पाच-दहा मिनिटांत ते गुडघे कुणाचेच नाहीत असे करून टाकले. कौशल्यच ते. भाची वाकून वाकून बघत होती. म्हणाली, "आत्या, भारीच की. पर ही घरला आल्यावर निघतंय ना?"

सगळ्यात जास्त काम झालं ते परिचयावर. अर्ध्या मिनिटाचा परिचय, इंग्रजीत. तिनं आधी मराठीत लिहून नेला होता. 'मी कराडची. आमच्या गावात कृष्णा आणि कोयना या दोन नद्या एकदम समोरासमोर येऊन मिळतात आणि तिथून काटकोनात वळून पुढं जातात.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. प्रीतिसंगमावर उभं राहून ज्यांनी ते पाणी बघितलंय त्यांना कळेल की यात एक शब्द खोटा नाही. नद्या साधारणपणे एकमेकींना शेजारून मिळतात. या दोघी समोरून येतात.

मॅडमनी ते वाक्य खोडलं. "कराड कोणाला माहिती आहे? महाबळेश्वर म्हण. स्ट्रॉबेरी म्हण."

"कृष्णा तिथनंच येती की मॅडम."

"म्हणूनच. तिथलंच सांग."

मग परिचयात महाबळेश्वर आलं, सह्याद्री आला, शिवाजी महाराज आले, पुरणपोळी आली. 'भूमी', 'परंपरा', 'सशक्त स्त्री' आले. सगळं खरंच होतं आणि त्यातलं काहीही तिचं नव्हतं. नागपूरच्या, नांदेडच्या, रत्नागिरीच्या मुलीनंही तेच म्हटलं असतं, आणि पुण्याच्या त्या हॉलमध्ये तासाभरात मी ते दहा जणींच्या तोंडून ऐकलंच. नऊवारीही तशीच. शिवलेली, कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, दोन मिनिटांत चढते. नथ दाबाची. नेसण्याचा वेळ वाचतो याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः कधी नऊवारी धड नेसू शकले नाही. पण तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट मनात पक्की झाली. एकेक पायरी वर जाताना पोरीच्या अंगावरचं गाव थोडं थोडं पुसलं जातं आणि पट्ट्यावरची राज्याची अक्षरं तेवढीच मोठी होत जातात. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत राज्य फक्त पट्ट्यावर उरतं.

राज्याचं नाव इतकं महत्त्वाचं झालं ते तसं अलीकडे. फेमिना मिस इंडियानं 2017 मध्ये रचना बदलली आणि दिल्ली धरून तीस राज्यांतून एकेक मुलगी अशी अंतिम फेरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी हरियाणाची मानुषी छिल्लर जिंकली आणि नोव्हेंबरात चीनमध्ये मिस वर्ल्डही झाली. प्रियांका चोप्रानंतर सतरा वर्षांनी. त्यामुळं या पद्धतीवर शिक्कामोर्तबच झालं. कल्पना चांगली आहे, नाही कशाला म्हणा. एरवी त्रिपुरा किंवा छत्तीसगडच्या मुलीकडं कोण ढुंकून बघणार? पण पट्टे जरा उचलून खाली बघावं. 2020 च्या स्पर्धेत उपविजेती ठरलेली मान्या सिंह उत्तर प्रदेशचा पट्टा घालून उभी होती. बाप मुंबईत रिक्षा चालवायचा, तिनं इथं भांडी घासली, रात्री कॉल सेंटरमध्ये काम केलं. 2022 ची विजेती सिनी शेट्टी कर्नाटकाची, पण जन्म मुंबईचा. 2023 ची नंदिनी गुप्ता राजस्थानातल्या कोट्याची, शिकायला मुंबईत. यात फसवाफसवी काही नाही, नियमात बसतं, मूळ गाव कुणी कुणाचं काढून घेत नाही. फक्त 'राज्याराज्यांतून आलेल्या मुली' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी रेल्वे येते ती तशी नसते. बऱ्याच जणी लोकलनं येतात.

व्हेनेझुएलावाले या बाबतीत जास्त मोकळे. जगाला सुंदऱ्या पुरवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि तिथं राज्यांचे पट्टे आयोजकच वाटून टाकतात अशी जुनी रीत. 2008 ची मिस युनिव्हर्स डायाना मेंडोझा राजधानी काराकासमध्ये जन्मलेली. देशाच्या स्पर्धेत तिच्या अंगावर पट्टा होता आमासोनासचा, म्हणजे दक्षिणेच्या जंगलातल्या, अगदी विरळ वस्तीच्या राज्याचा. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल? कदाचित आनंदच झाला असेल. आपलं नाव टीव्हीवर आलं की माणूस फार चौकशी करत नाही.

आणि 2023 चीच आणखी एक गोष्ट. त्या वर्षी अंतिम सोहळा मुंबई सोडून इंफाळला नेला. 15 एप्रिल, खुमान लम्पाकचं इनडोअर स्टेडियम. राज्याराज्यांचे तीस पट्टे एका ओळीत, मणिपूरच्या मातीवर. त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत, 3 मे रोजी मणिपूर पेटलं. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे मलाही कळतं. तरी त्या रात्रीचे फोटो समोर आले की मी पट्ट्यांवरची नावं वाचत बसते.

या सगळ्यात महाराष्ट्राची गंमत वेगळीच. नागालँडच्या, राजस्थानच्या मुलीला राज्याचा मुकुट ही घर सोडण्याची परवानगी असते. आपली राजधानी आणि या सगळ्या धंद्याची राजधानी एकच. कराडच्या मुलीला आधी अंधेरीच्या मुलीला हरवावं लागतं, आणि अंधेरीची मुलगी लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर वाढलेली असते, तिच्या इमारतीत दोन कास्टिंगवाले राहत असतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पोरींसाठी राज्याची पायरीच देशाच्या पायरीइतकी उंच. फुटबॉलात सगळे तगडे संघ एकाच गटात पडले की त्याला ग्रुप ऑफ डेथ म्हणतात.

मधू सप्रे ही आमच्या पिढीची. मी तेव्हा कॉलेजात होते. नागपूरची, खेळाडू मुलगी, मिस इंडिया होऊन 1992 च्या मे महिन्यात बँकॉकला मिस युनिव्हर्सला गेली आणि शेवटच्या तिघींत पोचली. तिला विचारलं, तुम्ही तुमच्या देशाच्या प्रमुख झालात तर सगळ्यात आधी काय कराल? गरिबी, भुकेली मुलं, जागतिक शांतता, यातलं काहीही चाललं असतं. ती म्हणाली, खेळाडूंसाठी मोठं मैदान बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅकलीनला गेला, मधू तिसरी आली, आणि इकडं सगळ्यांनी कपाळावर हात मारला. एका मैदानानं मुकुट घालवला! इंग्रजी कच्चं होतं, तयारी नव्हती, घात केला पोरीनं, असं जो तो म्हणाला. आमच्या वर्गातल्या मुलींनाही तसंच वाटलं. त्यानंतर म्हणे ग्रूमिंगवाल्यांनी हा प्रसंग 'काय बोलू नये' याचा धडा म्हणून वापरला, आणि मला ते पटतं, कारण आमच्या साताऱ्याच्या मॅडमनीही तो वापरला.

मला त्या उत्तरात काय चूक होती हे आजतागायत कळलेलं नाही. गरिबी एका वर्षात हटत नाही, मैदान होतं, असा तिचा सरळ हिशेब. ती खेळाडू होती, तिला जे कमी पडलं ते तिनं सांगितलं. आणि तीन महिन्यांत, बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमधून भारत हात हलवत परत आला. एकही पदक नाही. त्याआधीच्या दोन ऑलिम्पिकमध्येही नाही. तेव्हा कुणालाही बँकॉकचं ते उत्तर आठवलं नाही.

कराडकराला तर हे उत्तर लागायलाच हवं. खाशाबा जाधव आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. ज्या तालुक्यातल्या खेळाडूला पाठवायला प्राचार्याला घर गहाण टाकावं लागतं, तिथल्या पोरीला 'देशात आधी काय करशील' विचारलं, तर मैदान हे उत्तर बावळट कसं काय?

याच्याशेजारी मानुषीचं उत्तर ठेवून बघा. कुठल्या व्यवसायाला सगळ्यात जास्त पगार मिळावा? आईला, ती म्हणाली, आणि पगार म्हणजे फक्त पैसे नव्हेत, प्रेम आणि आदरही. टाळ्या पडल्या, मुकुट मिळाला. उत्तर गोड आहे, आणि ती पोरगी डॉक्टरी शिकत होती, मासिक पाळीच्या स्वच्छतेवर गावोगाव फिरून काम करत होती, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागं 879 बायका, सगळ्या राज्यांत तळाला, अशी ज्या हरियाणाची नोंद आहे त्या हरियाणाच्या मुलीच्या तोंडून आलेलं ते उत्तर जगातल्या कुठल्याही मुलीच्या तोंडी शोभलं असतं. मधूचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभलं नसतं. मार्क कशाला मिळतात हे यावरून कळतं.

पुण्यात भाचीला विचारलं, सोशल मीडिया वरदान की शाप? हा पाठातला प्रश्न होता. तिनं नाण्याच्या दोन बाजूंपासून सुरुवात करून सुरळीत शेवट केला, एकही शब्द अडला नाही. परीक्षक माना डोलावत खाली लिहीत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होते, ही कोण मुलगी बोलतेय? इतक्यात परीक्षकांतल्या एका बाईंचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. सकाळपासूनच्या घामानं डाव्या गुडघ्यावरचं लिंपण सुटलं होतं आणि व्रण अर्धा बाहेर आला होता. "वहाँ क्या हुआ?" त्यांनी सहज विचारलं.

भाचीचं इंग्रजी तिथंच संपलं. ती हिंदीत सुरू झाली, हिंदी मराठीत घसरली. आंतरविद्यापीठ निवडीची मॅच, समोरून स्मॅश कसा आला, आपण लिबेरो, म्हणजे मागं राहून बॉल उचलणारी खेळाडू, नसताना कशी उडी मारली, खाली मैदान नव्हे नुसता मुरूम होता, बॉल उचलला पण गुडघा तिथंच राहिला. हात हवेत, डोळे मोठे, आवाज मैदानावरचा. "बॉल वर गेला ना पर!" असं म्हणून ती थांबली तेव्हा त्या टेबलामागचे चौघं पुढं वाकून ऐकत होते. एकानं विचारलंसुद्धा, "फिर? पॉइंट मिला?" मिळाला होता म्हणे.

ती शेवटच्या दहांत गेली. गुडघ्यामुळं की नाण्याच्या दोन बाजूंमुळं, देव जाणे, कारण मार्कांचा कागद कुणालाच दाखवत नाहीत. तिथून पुढं मात्र नाही. मुकुट मुंबईच्या एका मुलीला गेला आणि तो योग्य गेला, उगाच आपल्या पोरीची बाजू घेऊन खोटं का बोलू? ती मुलगी चालली की बाकीच्या चालत होत्या हे विसरायला व्हायचं. आमच्या पोरीला 'मिस फिटनेस' मिळालं. पट्टा तिनं बॅगेत घडी करून ठेवला. परतीच्या बसमध्ये खंबाटकीच्या घाटापर्यंत झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "आत्या, भूक लागलीया."

मला वाटलं विषय संपला. मग परवा भावाचा फोन. "आक्का, पोरगी परत फॉर्म भरती म्हणती. आणि ह्या वेळी म्हणती, महाराष्ट्रातनं न्हाय, कर्नाटकातनं भरती. तिकडं गर्दी कमी आसंल म्हणून. आईचं माहेर निपाणी, चालतंय म्हणती नियमात. ती कोण शेट्टीबी तशीच गेली म्हणं."

सांगायचं म्हणजे निपाणीचे तिचे आजोबा, तेच दारातून वाकून येणारे, सीमालढ्यातले. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा देऊन तुरुंगात गेलेले. 1956 पासून गाव कर्नाटकात आहे आणि आजोबांनी ते आजवर मान्य केलेलं नाही. दुकानावरची पाटी मराठी, घरी येणारा पेपर मराठी, दर 1 नोव्हेंबरला काळी फीत. त्यांच्या नातीनं खांद्यावरून 'कर्नाटक' मिरवायचं?

"त्यांस्नी विचारलंस का?" मी म्हटलं.

"इचारलं. वहिनीनं तुझ्या, भीत भीत."

"मग?"

"काय न्हाय. थोडा वेळ गप बसले. मग म्हणाले, पट्ट्यावर लिवत्यात कुठल्या भाषेत? ही म्हणाली, इंग्लिशमधी. मग म्हणाले, भरू द्या तर."